बागसिंचन नियंत्रण

बागसिंचन नियंत्रण : घराभोवतालची बाग, हिरवळ, फुलझाडे व कुंपणाची झुडपे यांना पाणी केव्हा, किती वेळ व कोणत्या भागास द्यावयाचे हे ठरविणारी आणि त्यानुसार ते सोडणारी व थांबविणारी साधने व पद्धती यांस बागसिंचन नियंत्रण असे म्हणतात. आधुनिक संचात ही कामे दोन साधनांत विभागलेली असतात. वेळेचा हिशेब ठेवून आज्ञा देणारा तो नियंत्रक आणि ती आज्ञा पाळून नळातील वाट उघडणारी वा मिटणारी ती झडप होय. तुषारक, ठिबक नळ्या, गाळण्या इ. उरलेले साहित्य या दोहोंच्या मागोमाग येते. आळंदी हे पुण्याच्या उत्तरेस सु. २० किमी. अंतरावर इंद्रायणीकाठी वसलेले तीर्थक्षेत्र असून त्याच्या एका अंगास पिंपरी-चिंचवड, तर दुसऱ्या अंगास चाकण हे औद्योगिक पट्टे पसरले आहेत. या परिसरात बंगले व गृहसंस्था यांची वाढ झाली, तसे स्वयंचलित बागसिंचनही येथे आले. तथापि ही साधने मुळात ज्या देशांत घडली तेथे नळाला दिवसरात्र भरपूर दाबाने पाणी असते; येथे ते पाळीने व बहुधा कमी दाबाने येते. येथील साधनांची निवड या एका फरकावर अवलंबून असते आणि दाब व पाळी या दोन गोष्टींचा विचार या भूभागात फार जुना आहे. प्रस्तुत नोंदीत त्या विचाराचा इतिहास व त्यातून निघणारी निवडीची तत्त्वे सांगितली आहेत.

मोट आणि दार : विहिरीवरील मोट हे दख्खनच्या पठारावरील बागायतीचे शेकडो वर्षांचे प्रमुख साधन होते. बैल धावेवरून उताराने जात, मोट वर येई व तिचे पाणी थारोळ्यात रिते होई. तेथून ते पाटाने वाफ्यांकडे जाई. या कामाला दोन माणसे लागत. मोटकरी बैल हाकी व पाण्याचा पुरवठा चालू ठेवी. दुसरा फावडे घेऊन वाफ्यांच्या तोंडाशी उभा राही. एक वाफा भरला की तो त्याचे तोंड मातीच्या ढेपांनी बुजवी व पुढच्याचे फोडी. या कामाला ‘दारे धरणे’ म्हणतात आणि मोटेच्या जागी विद्युत्‌ पंप आला तरी हा शब्दप्रयोग ग्रामीण बोलीत टिकून आहे. आजच्या परिभाषेत सांगावयाचे, तर दारे धरणारा मनुष्य हाच नियंत्रक होता आणि फावड्याने सरकविलेली माती हीच झडप होती. वाफा भरला की नाही हे तो घड्याळावर पाहत नसे, तर ओल कोठवर पोहोचली हे डोळ्यांनी पाहून ठरवी. घड्याळावर चालणाऱ्या यंत्रात नेमका हाच गुण हरवला आणि तो परत मिळविण्यासाठी पुढे मृदेतील ओल मापणारे संवेदक शोधावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पाण्याच्या या आज्ञाधारकपणाकडे मराठी वाङ्‌मयाचे लक्ष फार लवकर गेले. १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माळ्याच्या मागोमाग बिनतक्रार जाणाऱ्या पाण्याचा दृष्टांत आला आहे. ज्ञानेश्वरांची समाधी आळंदीस असल्याने (१२९६) हा दृष्टांत या परिसरात बहुतेकांना परिचित आहे. दृष्टांतातील पाणी पाटाचे, म्हणजे उताराने वाहणारे आहे. त्याला दिशा दिली की पुरे होते. नळातील पाण्याला मात्र दिशेबरोबर दाबही लागतो आणि तेथून प्रश्न निराळा होतो.

पाळीची व्यवस्था : एकाच स्रोतावर अनेकांचा हक्क असला म्हणजे दार केव्हा उघडावयाचे हा प्रश्न सामाजिक बनतो. धुळे व नासिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरील ‘फड’ पद्धती हे याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे. नदीवर बंधारा घालून त्याचे पाणी पाटाने नेत आणि लाभक्षेत्राचे फड पाडून एका फडात एका हंगामी एकच प्रकारचे पीक घेत. त्यामुळे शेजारच्या दोन शेतांची पाण्याची गरज सारखी राही. पाणी सोडण्याचे काम शेतकऱ्यांनी नेमलेले पाटकरी करीत. कोणाही शेतकऱ्याने स्वतः दार फोडावयाचे नाही असा दंडक असे. सारख्या गरजेची झाडे एका दारावर ठेवावयाची, हे फडाचे तत्त्व आजच्या बागेत जसेच्या तसे लागू पडते. हिरवळ, गुलाबाचे ताटवे आणि बोगनवेल ही तिन्ही एकाच झडपेवर जोडली, तर एकाची तहान भागेपर्यंत दुसऱ्याची मुळे कुजतात. तरीही खर्च वाचविण्यासाठी झडपांची संख्या कमी करण्याकडे कंत्राटदारांचा कल असतो.

ब्रिटिश अमदानीतील कालव्यांवर हीच कल्पना कायद्याच्या चौकटीत आली. मुंबई इलाख्याचा पाटबंधारे अधिनियम १८७९ चा. कालव्याखालील शेतकऱ्यांना क्रमाने पाणी देण्याची ‘शेजपाळी’ रूढ झाली. तीत तत्त्वतः शेवटच्या शेतापासून आरंभ करून मुखाकडे येतात. कारण मुखाजवळच्यास आधी पाणी दिले की शेवटच्यापर्यंत ते पोहोचत नाही. बागेतील नळीचेही तसेच आहे. टाकीजवळच्या तुषारकांवर दाब अधिक असल्यामुळे ते भरपूर उडतात व टोकाचे नुसते झिरपतात. संच तपासताना पहिला तुषारक पाहण्याऐवजी शेवटचा पाहावा, असे म्हटले तर त्यात शेजपाळीचाच अनुभव आहे.

नहरी व नळ : पाटाचे पाणी जमिनीच्या उताराने जाते, त्याला उडता येत नाही. बंद नळातून पाणी उंचावरून आणले म्हणजे त्यात दाब साठतो, हे तत्त्व महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर वापरले गेले ते मराठवाड्यात. मलिक अंबरने वसविलेल्या खडकी (पुढे औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर) येथे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात जमिनीखालून नहरी खोदून पाणी आणले. तेथील पाणचक्की (१७४४ च्या सुमारास) अशाच नहरीच्या पाण्यावर चाले. उंच मनोऱ्यात चढविलेले पाणी खाली पडताना चाक फिरवी व प्रांगणातील हौद भरी.

पुण्यात हे काम बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांच्या काळात झाले. शहराच्या दक्षिणेस कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी दगडी बांधणीच्या भूमिगत नळाने शहरात आणण्याचे काम १७४९ च्या सुमारास सुरू झाले. नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, गाळ बसे आणि नळ साफ करण्यास माणूस आत उतरू शके. शहरातील सार्वजनिक हौद व सरदारांच्या वाड्यांतील हौद यांना या नळाचे पाणी मिळे. शनिवारवाड्यातील हजारी कारंजेही याच जलव्यवस्थेवर अवलंबून होते. या उच्छ्वासांकडे आजच्या बागसिंचनाच्या दृष्टीने पुन्हा पाहावयास हवे. उंचसखल जागेतील नळीत हवा अडकली, तर झडप उघडूनही पाणी पुढे सरकत नाही, किंवा हवा एकदम सुटून नळीला हिसका बसतो. त्यासाठी नळीच्या सर्वांत उंच जागी हवा सोडणारी लहान झडप बसवावी लागते. ती किंमतीने किरकोळ असल्यानेच बहुधा वगळली जाते.

पुण्यातील इंग्रजी वसाहतीला मुळा-मुठेवर बंधारा बांधून पाणी पुरविण्यात आले (१८५०). जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभारलेल्या या बंधाऱ्यालगतची बाग बंडगार्डन या नावाने प्रसिद्ध आहे.

खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे : मुठा नदीवरील खडकवासला धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास त्या काळच्या अभियंत्यावरून ‘लेक फाइफ’ असे नाव होते. पुणे शहर, लष्कर आणि कालव्याखालील ऊस या सर्वांची भिस्त या एका साठ्यावर होती आणि थोड्याच वर्षांत तो अपुरा पडू लागला. पावसाळ्यात मात्र सांडव्यावरून बरेच पाणी वाहून जाई. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्या वेळी मुंबई सरकारच्या सेवेत पुणे विभागात कार्यकारी अभियंता होते. धरणाची भिंत न वाढविता सांडव्याच्या माथ्यावर दरवाजे बसवून सु. २·४ मी. (८ फूट) अधिक पाणी अडवावे, अशी योजना त्यांनी मांडली. साध्या दरवाजांची अडचण अशी की, रात्री अचानक पूर आला आणि पहारेकऱ्याला ते वेळेवर उघडता आले नाहीत, तर धरणालाच धोका पोहोचतो. म्हणून त्यांनी प्रतिभाराने तोललेले दरवाजे योजिले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की ते पाण्याच्याच बळाने आपोआप उघडत आणि पातळी उतरली की आपोआप मिटत. हे दरवाजे १९०३ मध्ये बसविण्यात आले. त्यांचे एकस्व विश्वेश्वरय्यांना मिळाले आणि पुढे ग्वाल्हेर संस्थानातील टिगरा व म्हैसूरचे कृष्णराजसागर या धरणांवरही त्याच धर्तीचे दरवाजे आले.

पुणे परिसरातील स्वयंचलित जलनियंत्रणाचा आरंभ म्हणून या घटनेकडे पाहता येते. तिचे बागेतील चिमुकल्या झडपेशी असलेले नाते वरवर दिसते त्याहून जवळचे आहे. दोन्हींत माणसाची वा विजेची शक्ती अल्प लागते आणि मुख्य काम पाणीच करते. पाण्याचे बळ पुरेसे नसेल, तर दोन्ही साधने निकामी ठरतात. याच अभियंत्याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी नीरा कालव्यासाठी ‘ब्लॉक पद्धती’ सुचविली. कालव्याचे पाणी गावागावांत विखरून लावलेल्या उसाला न देता ठराविक पट्ट्यांत द्यावे व पट्ट्यातील काही भागच उसाखाली ठेवावा, असा तिचा आशय होता. शेतकऱ्यांनी तिला प्रारंभी विरोध केला. पाण्याच्या वाटपात सुधारणा सुचविणाऱ्यास हा अनुभव बहुधा येतोच.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात खडकवासला धरणही फुटले व पुण्याच्या नदीकाठाची अपरिमित हानी झाली. खडकवासला धरण पुढे पुन्हा बांधण्यात आले.

तुषारक, नियंत्रक व झडप : शहरी घरांच्या बागांना फार काळ झारी व रबरी नळी एवढीच साधने पुरत. नळाला पाणी आले की माळी वा घरातील कोणी नळी धरून उभा राही. वेळेचे नियंत्रण पालिकेच्या व्हॉल्व्हमनच्या हाती असे. त्याने चावी फिरविली की त्या पेठेचे पाणी सुटे.

यांत्रिक तुषार सिंचनाचा विकास प्रामुख्याने अमेरिकेत झाला. कॅलिफोर्नियातील ग्लेंडोरा येथील ऑर्टन एंगलहार्ट या फळबागायतदाराने १९३३ मध्ये आघाती फिरता तुषारक शोधून काढला. तोटीतून निघालेली धार एका आडव्या स्प्रिंगबद्ध दांडीवर आपटते, दांडी बाजूला फेकली जाते व परत येताना तोटीला टोला देऊन किंचित फिरविते. या शोधातून ‘रेन बर्ड’ ही कंपनी उभी राहिली. याच्या उलट दिशेने जाणारी ठिबक पद्धती सिमका ब्लास यांनी इझ्राएलमध्ये विकसित केली व १९६५ पासून तिचे उत्पादन होऊ लागले. महाराष्ट्रात ती १९८० नंतरच्या दशकात वेगाने पसरली. जळगाव येथील भवरलाल जैन यांच्या उद्योगाचा तिच्या प्रसारात मोठा वाटा आहे [⟶ ठिबक सिंचन]. द्राक्षे, केळी व डाळिंबे यांच्यासाठी आलेल्या नळ्या, गाळण्या व झडपाच पुढे घरगुती बागांच्या बाजारात उतरल्या. म्हणून पुण्यातील बागवाल्यास अनेकदा शेतीसाठी बनविलेला मोठा माल मिळतो व तो घरगुती प्रवाहावर नीट चालत नाही.

बागेत सर्वाधिक वापरली जाणारी झडप परिनालिका झडप (सोलेनॉइड व्हॉल्व्ह) होय. तिच्या पोटात रबराचे पटल असते. पटलाच्या वरच्या कोठीत एका बारीक छिद्रातून वरच्या अंगाचे पाणी शिरते. पटलाचे वरचे क्षेत्रफळ खालच्याहून जास्त असल्याने पाण्याच्या दाबानेच ते बैठकीवर घट्ट बसते व वाट बंद राहते. नियंत्रकाने तारेतून प्रवाह सोडला की परिनालिकेतील लोखंडी दट्ट्या वर ओढला जातो, कोठीतील पाणी दुसऱ्या बारीक वाटेने निसटते, वरचा दाब घटतो आणि खालचे पाणी पटलाला उचलून वाट मोकळी करते. प्रवाह थांबताच कोठी पुन्हा भरते व झडप सावकाश मिटते. ती सावकाश मिटणे हा दोष नसून गुण आहे, कारण वाहते पाणी एकदम अडविले की जलाघाताने नळीचे सांधे निखळतात. या झडपांना बहुधा २४ व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. त्यामुळे ओल्या मातीत तार उघडी पडली तरी माणसाला मोठा धोका नसतो. विजेची जोडणी नसेल तेथे ९ व्होल्टच्या विद्युत्‌ घटावर चालणारी द्विस्थिर झडप वापरतात. ती उघडण्यास एक व मिटण्यास एक असे क्षणिक आवेगच लागतात, म्हणून घट पुष्कळ दिवस पुरतो.

नियंत्रकाची वाटचाल घड्याळापासून सुरू झाली. जुन्या विद्युत्‌-यांत्रिक नियंत्रकात चोवीस तासांची तबकडी असे व तिच्या कडेला खुंट्या लावून वेळा ठरवीत. वीज गेली की तबकडी थांबे आणि आल्यावर थांबलेल्या जागेपासून पुढे फिरे. पहाटेची पाळी अशा रीतीने सरकत भर दुपारी येई. पुढे इलेक्ट्रॉनीय व नंतर सूक्ष्मप्रक्रियकयुक्त नियंत्रक आले. त्यांत अनेक कार्यक्रम साठविता येतात, पाऊस वा मृदेतील ओल ओळखणारे संवेदक जोडता येतात आणि अलीकडे हवामानाच्या माहितीवरून पाण्याचा कालावधी बदलणारे व भ्रमणध्वनीवरून चालविता येणारे नियंत्रकही मिळतात.

औद्योगिक पट्टा व पाण्याचा वाद : पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवड-भोसरी आणि पुढे चाकण येथे कारखाने व वसाहती वाढल्या. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली. मोठ्या कारखान्यांच्या दर्शनी भागातील राखलेली हिरवळ हे या पट्ट्याचे वैशिष्ट्य ठरले. मोशी, चिखली, चऱ्होली व आळंदी या बाजूस नंतर आलेल्या गृहसंस्थांनी तोच नमुना उचलला.

हे पाणी कोठून येते, हा प्रश्न मात्र शेतीशी भिडणारा होता. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेत येथे उचलून शहरास देत. ते धरणातूनच बंद नळाने आणण्याची योजना आखली गेली, तेव्हा नदीकाठच्या उपसा सिंचनावर अवलंबून असलेल्या मावळातील शेतकऱ्यांनी तीस विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलीस गोळीबार होऊन तीन शेतकरी मृत्यू पावले. योजना दीर्घकाळ स्थगित राहिली. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू करण्यात आला. या पार्श्वभूमीवर एक साधा हिशेब मांडता येतो. १ चौ. मी. क्षेत्रावर १ मिमी. पाणी म्हणजे १ लि. उन्हाळ्यात १०० चौ. मी. हिरवळीला दररोज ५ मिमी. पाणी दिले, तर ५०० लि. लागतात. शहरी पाणीपुरवठ्याचे रूढ प्रमाण दरडोई दररोज १३५ लि. धरल्यास हे जवळजवळ चार माणसांचे पाणी होय. झडप रात्रभर गळत राहिली तर यात किती भर पडते, हे सांगावयास नको. तात्पर्य, येथे झडपेची निवड ही बागेच्या सोयीपुरती बाब राहत नाही.

निवड : प्रथम दाब मोजावा. पाण्याच्या १० मी. उंचीने सु. १ किग्रॅ./चौ. सेंमी. दाब मिळतो. दुमजली बंगल्याच्या गच्चीवरील टाकी जमिनीपासून ८-९ मी. उंच असते, म्हणजे बागेत दाब १ किग्रॅ./चौ. सेंमी.हूनही कमी भरतो आणि नळीतील घर्षणाने तो आणखी घटतो. स्थिर फवाऱ्यांना सु. २ व फिरत्या तुषारकांना सु. ३ किग्रॅ./चौ. सेंमी. दाब लागतो. याचा अर्थ, टाकीच्या पाण्यावर तुषारक चालत नाहीत. त्यासाठी पंप हवा किंवा कमी दाबावर चालणारी ठिबक नळी पसंत करावी. झडपेचेही तसेच आहे. वर वर्णिलेली पटलाची झडप पाण्याच्या दाबावर मिटत असल्याने टाकीच्या क्षीण दाबाला ती अर्धवट उघडते वा अर्धवट मिटते. ग्राहक परिनालिका जळाली असे समजून ती बदलतो व दोष तसाच राहतो. अशा ठिकाणी शून्य दाबावरही काम करणारी झडप किंवा लहान मोटरने फिरणारी गोळ्याची झडप घ्यावी. ती महाग पडते, पण चालते. झडपेचा आकार नळीच्या व्यासावरून न ठरविता प्रवाहावरून ठरवावा. फार मोठी झडप अल्प प्रवाहात नीट मिटत नाही.

दुसरी बाब पाळीची. नियंत्रकात आठवड्याच्या वारांवर चालणारा आणि दिवसांच्या अंतरावर चालणारा असे दोन प्रकारचे कार्यक्रम असतात. पाणी दिवसाआड येत असेल, तर वारांचा कार्यक्रम निरुपयोगी होय, कारण आठवड्याचे दिवस सात, म्हणजे विषम आहेत. या आठवड्यात सोमवारी आलेले पाणी पुढच्या आठवड्यात सोमवारी येत नाही. दोन दिवसांच्या अंतराचा कार्यक्रम मात्र पाण्याबरोबर चालतो. खरेदीच्या वेळी ही सोय आहे की नाही ते अवश्य विचारावे. पुणे परिसरात देखभालीसाठी गुरुवारी वीज वा पाणी बंद ठेवण्याची प्रथा आहे, म्हणून वीज गेल्यावर वेळ व कार्यक्रम जपणारा घट नियंत्रकात असावा. पंप जोडलेला असल्यास हौदात तरंगती कळ बसवून ती पंपाशी जोडावी, म्हणजे हौद रिकामा असता पंप कोरडा फिरत नाही. नियंत्रकाला हौदात पाणी आहे की नाही हे ठाऊक नसते. दारे धरणाऱ्याला ते दिसत असे.

तिसरी बाब जमिनीची. नदीकाठची काळी माती पाणी सावकाश शोषते, ताशी ५ मिमी.पेक्षाही कमी. स्थिर फवारे ताशी ४० मिमी.च्या आसपास पाणी टाकतात. त्यामुळे एकदम आठ मिनिटे पाणी दिले की बरेचसे रस्त्यावर वाहून जाते. तेच दोन-दोन मिनिटांच्या चार पाळ्यांत, मध्ये अर्ध्या-पाऊण तासाची विश्रांती ठेवून दिले तर बहुतांशी मुरते. एका झडपेसाठी एका दिवसात अनेक आरंभवेळा देणारा नियंत्रक म्हणून हवा. दिघी-चऱ्होलीकडील मुरमाड जमिनीत उलट स्थिती असते. तेथे पाणी झटकन खाली निघून जाते, म्हणून थोडे पण वरचेवर द्यावे लागते.

चौथी बाब पाण्याच्या प्रतीची व तीच या परिसरात सर्वांत नाजूक आहे. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौ. मी. व त्यावरील बांधकामांना पूर्वपरवानगी लागते व सांडपाणी प्रक्रिया केंद्राची अट तीत असते. अशा गृहसंस्थांत प्रक्रिया केलेले पाणी बागेला वापरतात. त्यात तरंगते कण व शेवाळ राहिल्यास परिनालिका झडपेतील बारीक छिद्र बुजते. छिद्र बुजले की कोठी भरत नाही आणि झडप मिटतच नाही. म्हणून झडपांच्या आधी चकतीची वा जाळीची गाळणी बसवून ती नियमित धुवावी आणि प्रदूषित पाणी चालणारी म्हणून बनविलेलीच झडप निवडावी. हे पाणी फवाऱ्याने न उडविता मातीलगतच्या नळ्यांनी द्यावे, कारण तुषारांबरोबर रोगजंतू हवेत जाण्याचा संभव असतो. पिण्याच्या पाण्याच्या नळीशी त्याची जोडणी कोठेही होता कामा नये. दोन्ही पाणी एकाच संचात आलटून पालटून वापरण्याची सोय अनेक ठिकाणी केवळ एका एकमार्गी झडपेच्या भरवशावर केलेली असते. ती झडप झिजली की बागेचे पाणी उलट स्वयंपाकघराच्या नळापर्यंत पोहोचू शकते. येथे मध्ये हवेचे अंतर ठेवून वेगळ्या हौदात पाणी सोडणे हाच सुरक्षित मार्ग होय.

आळंदी येथे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. वरच्या अंगाच्या वस्त्यांचे सांडपाणी व औद्योगिक सांडपाणी इंद्रायणीत मिसळून अलीकडच्या वर्षांत नदीवर पांढरा फेस अनेकदा दिसला आहे. असे पाणी थेट उचलून बागेला देणे, गाळणी कितीही चांगली असली तरी, योग्य नाही. गाळणी कण अडविते. विरघळलेले क्षार व अपमार्जके अडवीत नाही. प्रक्रिया केलेले सांडपाणी बागेत जिरविले, तर तेवढे नदीत जात नाही, हा त्याचा दुहेरी लाभ आहे. मात्र प्रक्रिया केंद्र बंद ठेवून बागेला टँकरचे पाणी देणाऱ्या संस्थांत हे दोन्ही लाभ बुडतात.

हंगामी बदल : पुणे परिसरात वर्षाला सु. ७०० मिमी. पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते ऑक्टोबर या काळात येतो. आषाढी वारीसाठी पालखी आळंदीहून निघते त्या सुमारास, ज्येष्ठाच्या अखेरीस, बहुधा पाऊस सुरू झालेला असतो आणि नियंत्रक तेव्हापासून बंद ठेवता येतो. कार्तिक वद्य एकादशी ते त्रयोदशी या दिवसांत समाधिसोहळ्यासाठी लक्षावधी यात्रेकरू आळंदीस येतात व गावाच्या पाणीपुरवठ्यावर मोठा ताण पडतो. त्या आठवड्यात बागेच्या पाळ्या थांबविणे इष्ट होय. हिवाळ्याच्या तोंडाशी हिरवळ आठवडाभर तहान सोसू शकते. बहुतेक नियंत्रकांवर यासाठी निराळे स्थान असते. ते लावल्यावर कार्यक्रम स्मृतीत राहतो, पण झडपांना प्रवाह जात नाही. पटलाखाली खडा अडकलेला असेल तर झडप प्रवाहाविनाही गळते, म्हणून अशा वेळी संचाच्या आरंभी असलेली हाताची झडपही फिरवून बंद करावी.